बी विंगची लिफ्ट आणि शेवटची चढाई

आमच्या घरी पाणी एकशे अठरा पायऱ्या चढून यायचं. घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरावर आमची दहा बाय बाराची खोली, आणि नळ खाली रस्त्याला. सकाळी साडेपाच ते सहा वीस. वडील जालन्याकडून आलेले, नाक्यावर उभं राहून मिळेल ते बांधकामाचं काम करायचे. मी आठवीत असताना ते परांचीवरून पडले, कंबर गेली, आणि ते घरी बसले. आई पवईला दोन घरी स्वयंपाक करायची आणि एका ऑफिसात साफसफाई. घरात आठवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावीला बसले आणि इंग्रजीत नापास झाले.

नापास झाले होते तर तसंच लिहिते. लोक आपल्या यशाची गोष्ट सांगताना हे पान फाडून टाकतात.

कुर्ल्याच्या मावशीनं खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं. आई म्हणाली, "जुलैला परत बस. पास झालीस तर कॉलेज. नाही झालीस तर मावशीकडं. तिसरं काही नाही."

या घरगुती मामल्यात एक माणूस लुडबुडला. त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्याला सगळे लिफ्टवाले सर म्हणायचे.

सर मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसे हे लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात शिरले. घाटकोपर ते मुलुंड कितीतरी सोसायट्यांच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. पण ते स्वतः कधी लिफ्टनं जायचे नाहीत. चौदाव्या मजल्यावर काम असलं तरी जिन्यानं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी तिला आतून बघितलीय रे." संध्याकाळी आमच्या डोंगराच्या पायथ्याशी एका मंडळाच्या हॉलमध्ये मुलींना कबड्डी शिकवायचे. उंची बेताची, पोट सुटलेलं, खिशात टेस्टर आणि बॉलपेन. कबड्डीचा कोच म्हणून कुणाला दाखवलं असतं तर हसला असता.

त्यांना माझा शोध लागला तो माझ्या आईमुळे. मी तेव्हा दहावीत होते. आई हंडा घेऊन चढताना मध्येच पायरीवर टेकली होती. सर वरून कुठलीशी मोटर बघून उतरत होते. आईला म्हणाले, "ताई, जरा नाडी बघू?"

आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? जीव आहे, धडधडणारच."

"तेच बघतो, किती धडधडतोय." घड्याळात बघत त्यांनी मोजले. तेवढ्यात मी माझा हंडा वर ठेवून खाली आले, आईचा उचलला आणि परत निघाले. सर आईचा हात सोडून माझ्याकडे बघत राहिले. "ही कुणाची?"

"माझीच."

"दुसरी खेप आहे ना हिची? आणि तोंड मिटून श्वास घेतेय. ताई, हिला संध्याकाळी खाली पाठवा."

"कशाला?"

"कबड्डीला."

"आणि पाणी कोण भरंल?"

"पाणी सकाळी असतं, कबड्डी संध्याकाळी. नळवाल्यानं सोय करून ठेवलीय."

अशी मी कबड्डीत गेले.

सरांच्या हॉलमध्ये तीन गोष्टी होत्या, ज्या दुसऱ्या कुठल्या मंडळात मी पुढे पाहिल्या नाहीत. पहिली म्हणजे वजनकाटा. तो शेजारच्या रद्दीवाल्याचा. सरावाआधी आम्ही ओळीनं जाऊन रद्दीवाल्याच्या काट्यावर उभ्या राहायचो, आणि सराव संपला की पुन्हा. फरक सर मोठ्यानं वाचायचे. "सायली, सातशे ग्रॅम. तू, नऊशे."

पहिल्या दिवशी मी खूश झाले. म्हटलं, "सर, एका दिवसात एवढी बारीक झाले?"

"बारीक नाही झालीस, वाळलीस. हे पाणी गेलं. पी." आणि घरून आणलेलं कोकमाचं सरबत, त्यात मीठ जरा जास्तच, पेल्यानं मोजून समोर. जेवढं वजन गेलं तेवढं पोटात जाईपर्यंत घरी सोडायचे नाहीत. रद्दीवाला म्हणायचा, "मास्तर, तुमच्या पोरींपेक्षा माझी रद्दी बरी. सकाळी जेवढी, संध्याकाळी तेवढीच."

दुसरी गोष्ट नाडी. चढाई करून आलं की हात पुढे करायचा. सर पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचे आणि तो आकडा बॉलपेननं तिथंच हातावर लिहायचे. मिनिटानं परत मोजायचे, खाली दुसरा आकडा. दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त तितकी मुलगी तयार. आम्ही घरी जायचो तेव्हा हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आकडे. आमच्या शेजारचे एक मामा ते रोज वहीत उतरवून घ्यायचे. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

तिसरी गोष्ट भिंतीवरचा तक्ता. त्यावर आम्हा मुलींची नावं आणि महिन्याचे दिवस. खिळ्याला टिकल्यांचं एक पाकीट अडकवलेलं. पाळी असली की आपल्या नावापुढे त्या तारखेला टिकली लावायची, बस. सर कधी कुणाला काही विचारायचे नाहीत. तक्त्याकडे एक नजर टाकायचे आणि त्या दिवशी तिला उड्या कमी, पाणी जास्त. माझ्या आईनं हा तक्ता पाहिला, टिकल्या कसल्या ते मी सांगितलं, तेव्हा तिनं एक सुटत आलेली टिकली बोटानं दाबून बसवली. मग म्हणाली, "जा त्याच्याकडं तू. काही बोलत नाही मी."

सर चिडायचे, पण रीतसर. एखादीनं दहादा सांगूनही पाय मागे ठेवला की ते एकदम थांबायचे, स्वतःचं मनगट धरायचे, घड्याळ बघायचे. "माझे एकशे बारा झालेत. नव्वदवर आले की शिव्या देतो." आम्ही उभ्या. नव्वदवर येईपर्यंत शिव्या कशाबद्दल द्यायच्या हे ते विसरलेले असायचे.

आणि झोप! "काल किती झोपलीस?" हा प्रश्न हजेरीसारखा. चार तास म्हटलं की त्या मुलीचा सराव म्हणजे झोपणे. ढालींच्या कपाटाखाली चटई होती, तिथं आडवं व्हायचं. वर पंचवीस वर्षांच्या ढाली, खाली एक मुलगी घोरतेय, आणि बाजूला आमची पकड चाललीय. मंडळाचे अध्यक्ष एकदा पाहुणे घेऊन आले आणि बघतच राहिले. "सर, ही काय करतेय?"

"दुरुस्ती," सर म्हणाले. "मशीन बंद केल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. चालू लिफ्टमध्ये हात घालणारे गेले सगळे."

आता मुद्द्याची गोष्ट. सराव करताना चढाईला "कबड्डी कबड्डी" म्हणायला आमच्याकडे बंदी होती.

"कबड्डी कबड्डी पोपटपण म्हणेल," सर म्हणायचे. "काळीज एकशे सत्तरवर गेलं की सगळ्यात आधी काय बंद पडतं? पाय नाही. डोकं. मला ऐकू आलं पाहिजे तुझं डोकं चालू आहे का."

म्हणून आम्ही पाढे म्हणत चढाई करायचो. सतराचा, एकोणीसचा, पुढे तेवीसचा. पाढा चुकला की बाद. समोर सात जणी दात ओठ खाऊन उभ्या, दम तुटत आलेला, आणि तोंडानं सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी. आमची उजवी कोपरारक्षक सायली महाबिलंदर. तिनं हेरलं होतं की सगळ्याजणी सतरा सत्तेला अडखळतात. डोकं आकडा शोधायला जातं आणि पाय क्षणभर रुततात. ती एकशे दोनपर्यंत मांजरासारखी गप्प बसायची, आणि "सतरा सत्ते" ऐकू आलं की घोट्यावर झडप. सरांनी हे बघितलं आणि तिलाच शाबासकी दिली. "बघा. विचार कुठे अडतो ते पायांत दिसतं. हिला दिसलं."

सरावात मी चांगली होते. खरंच चांगली, उगाच लाजत नाही. पण सामन्याच्या दिवशी माझं काय व्हायचं कुणास ठाऊक. सकाळपासून तळवे गार. पहिल्याच चढाईत मध्यरेषेपाशीच घुटमळून मी परत यायचे. सायलीनं नाव ठेवलं होतं, "सरावातली वाघीण, सामन्यातली मनीमाऊ."

एकदा भांडुपच्या सामन्यात मी बाकावर बसले होते, अजून मैदानात उतरायचं होतं. सरांनी सवयीनं नाडी धरली आणि त्यांच्या तोंडून एकदम मालवणी आली. "गो चेडवा, बसल्या जाग्यार एकशे चाळीस? खंय धावतंस तू?"

मी म्हटलं, "कुठं नाही सर. बसलेय."

"पाय बसलेत. बाकीची कुठंतरी पळतेय. हे असं आणखी कधी होतं?"

मी बारावी नापास होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. घरी मी "पेपर अवघड होता" एवढंच सांगितलं होतं. तो अवघड नव्हताच. पेपर हातात आला, अक्षरं दिसत होती पण शब्द होत नव्हते. पाणी प्यावं म्हटलं तर बाटलीचं झाकण उघडेना, बोटांत जोर नाही. पाऊण तास मी नुसता बैठक क्रमांक गिरवत बसले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाकावर सरांना सांगून टाकलं. आईची अटही सांगितली.

मला वाटलं, धीर देतील, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये आठच्या जागी दहा माणसं शिरली की काय होतं?"

"घंटा वाजते."

"आणि?"

"चालत नाही."

"बिघडली का?"

"नाही."

"मग? लोक बटणं दाबत बसतात, लाथा मारतात, मला फोन करतात. बिघडलेलं काही नसतं. दोन माणसं उतरली की चालते." मग माझं मनगट सोडून, "भीती गेली पाहिजे असं कोण म्हणतं? ती राहू दे. घंटा वाजत असताना काम करायची सवय पाहिजे. इंग्रजीत काय काय विचारतात?"

मी म्हटलं, निबंध, पत्र, सारांश.

"पत्र," सर म्हणाले. "पत्र माझ्याकडे आहे."

सर स्वतः अकरावीत शाळा सोडलेले. इंग्रजी म्हणजे त्यांच्याकडे सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी धाडलेली तक्रारपत्रं. त्यातलं एक त्यांना फार आवडायचं, मुलुंडच्या कुठल्याशा सोसायटीचं. दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्स काढून घेऊन आले. "रिस्पेक्टेड सर, वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द लिफ्ट ऑफ बी विंग इज आउट ऑफ ऑर्डर. सिनिअर सिटिझन्स आर फेसिंग ग्रेट हार्डशिप." पुढे आणखी चार ओळी, "काइंडली डू द नीडफुल" आणि "युअर्स फेथफुली".

त्या दिवसापासून माझा पाढा बंद. मी बी विंगचं पत्र म्हणत चढाई करायची. आधी झेरॉक्स बघून पाठ, मग वजनाचे पट्टे बांधून, मग सातजणी आरडाओरडा करताना. सायली मुद्दाम कानाशी ओरडायची, "ए, ए विंग! ए विंगची बिघडली!" मी चुकले की बाद. आठवड्यानं पत्र पक्कं झालं तेव्हा सरांनी विषय बदलायला लावला. लिफ्टच्या जागी पाणी, मग गटार, मग कुत्रे. चढाईला जातानाच ओरडायचे, "कुत्रे!" आणि मी मध्यरेषा ओलांडत, "वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द स्ट्रे डॉग्ज ऑफ अवर लोकॅलिटी..." निबंधाचंही तसंच. मंडळाच्या हॉलबाहेरून जाणारे लोक थबकायचे. आत कबड्डी चाललीय की कोर्ट, कळायचं नाही.

हातावरचा दुसरा, मिनिटानंतरचा आकडा मात्र खाली येत होता. आधी नाडी एकशे ऐंशीला गेली की माझं पत्र अडायचं, ते आता एकशे चौऱ्याऐंशीलाही अडेना.

परीक्षेच्या तेरा दिवस आधी मुलुंडच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. आमचं मंडळ नऊ वर्षांत तिथं अंतिम फेरीत गेलेलं नव्हतं. या वेळी गेलं. आणि लिहायला काय जातंय, त्यात माझा वाटा मोठा होता. तळवे गार होते, घंटा वाजतच होती, पण पाय चालत होते. उपांत्य सामन्यात मी सात गुण आणले. सायली म्हणाली, "आई गं, मनीमाऊ चावायला लागली."

अंतिम सामना. गुण सारखे, वीस वीस. शेवटची चढाई आमची. अध्यक्ष खुर्चीवर उभे राहिलेले. सरांनी मला बोलावलं, नाडी धरली, काही लिहिलं नाही, फक्त "जा" म्हणाले.

मी गेले. सामन्यात अर्थातच "कबड्डी" म्हणायचं असतं, आणि त्या क्षणापर्यंत दिवसभर मी म्हटलंही होतं. पण त्या चढाईला कान बंद झाले, समोर फक्त पाय दिसत होते. मी निदान रेषा, जी ओलांडल्याशिवाय चढाई धरत नाहीत, ती ओलांडली, वळले, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पावलाला बोट लावलं, तीनजणी अंगावर आल्या, त्यातून निसटले, आणि मध्यरेषेच्या एक वीत अलीकडे शिट्टी वाजली.

पंच कंबरेत वाकून माझ्या मागे मागे येत होते. ते उभे राहिले आणि मला म्हणाले, "काय म्हणतेयस तू?"

मला कळेना. "कबड्डी."

"कबड्डी नाही. कसली लिफ्ट?"

आणि सगळा हॉल जो हसला! दम सोडल्याबद्दल चढाई रद्द आणि समोरच्यांना एक गुण. वीस एकवीस. आम्ही हरलो.

सायली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती हसत नव्हती. "कबड्डी म्हणायचं होतं गं. साधं कबड्डी. सिनिअर सिटिझनांची काय पडलीय तुला?" आणि ती रडायला लागली. मीही. अध्यक्ष खुर्चीवरून उतरून तरातरा सरांकडे निघाले.

सर मात्र माझ्याकडे धावत आले आणि नाडी धरली. "एकशे अठ्ठ्याऐंशी. कुठवर आलं होतं?"

"काय?"

"पत्र. कुठवर?"

"काइंडली डू द नीडफुल."

"मध्ये चुकलीस?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"एकही?"

"एकही नाही."

सरांनी माझा हात सोडला आणि आनंदानं जागच्या जागी दोन उड्या मारल्या. पोटासकट. मागे अध्यक्ष उभे. "सर, ढाल गेली! आणि तुम्ही नाचताय?"

तेव्हा सर भानावर आले. सगळ्या मुलींना जवळ बोलावलं. म्हणाले, "हिला कुणी बोलायचं नाही. ताणात शरीर नवं काही करत नाही. जे हजारदा पाजलंय तेच ओकतं. पाजलं मी. कबड्डी शिकवायला विसरलो. चूक माझी." आणि सायलीला वेगळं, "सॉरी गो."

अध्यक्षांनी तिथंच जाहीर केलं, "उद्यापासून दुसरा कोच." सर फक्त "बरं" म्हणाले. ढालीशिवाय टेम्पोनं परतलो. मी ठरवलं, आता त्या हॉलचं तोंड बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नळावर हंडा लावून उभी होते तर सर समोर. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. "हॉल आपला नाही राहिला. पायऱ्या आहेत. चल, पाणीटंचाईवर निबंध. हंडा घे आणि सुरू कर."

मी म्हटलं, "सर, माझ्यामुळं तुमचं मंडळ गेलं."

"मंडळ कुठं जातंय? बारा दिवसांनी तुझा पेपर जाईल. बोल."

बारा दिवस मी एकशे अठरा पायऱ्यांवर इंग्रजी बोलले. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी नापास होऊन वेडी झाली. आई त्यांना म्हणायची, "होऊ द्या. शहाणी होती तेव्हा कुठं पास झाली?"

(मंडळाचं म्हणाल तर नवा कोच शिट्टीवाला होता, आणि फार ओरडायचा. त्यानं पहिल्याच दिवशी टिकल्यांचा तक्ता उतरवला. सायलीनं तीन आठवड्यांत सगळ्या मुली घेऊन अध्यक्षांचं घर गाठलं. सर परत आले. आता ते गावी असतात, गुडघे दुखतात म्हणतात, आणि तरी आंब्यावर चढतात.)

पेपरच्या दिवशी माझे तळवे गार होते. अक्षरं एकदा मुंग्यांसारखी हलली. मी हात बाकावर सपाट ठेवले, ओठ हलवले, आणि मुंग्या जागेवर बसल्या. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा येऊन विचारलं, "काय पुटपुटतेयस?" मी म्हटलं, "काही नाही मॅडम, सवय आहे." पत्राचा प्रश्न रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल होता. मी लिफ्टच्या जागी दिवे घातले. तीन तासांत एकही प्रश्न सोडला नाही.

इंग्रजीत मला अठ्ठावन्न मिळाले. त्याच वर्षी मी कॉलेजात गेले, तीन वर्षांत एकदाही न अडखळता बी.ए. झाले. पदवीदानाला आई-वडील दोघं आले होते. वडील काठी टेकत, पुढच्या रांगेत. आमच्या घरात माझ्याआधी पदवीधर कुणी नव्हतं. आता मी आहे.